वेगळ्या टाकीतला शिंपला

मी एक जुना शिंपला आहे. गंगाखेडच्या घाटाखाली गोदावरीचा जो गाळ आहे, त्यातला. जुना म्हणजे किती, ते माझ्या पाठीवर लिहिलेलं आहे. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की माझी वाढ थांबते आणि पाठीवर एक काळी रेघ उमटते. वाटलं तर मोजून पाहा. पण मधल्या काही रेघा घासून गेल्या आहेत, त्यामुळे माझं खरं वय तुम्हाला सापडायचं नाही, आणि मी सांगणारही नाही.

मित्रांनो, मला डोळे नाहीत, कान नाहीत. खरं तर डोकंच नाही. डोकं नसलेला हा गोष्ट काय सांगणार, म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण मला चौकशी फार. मी तोंड किंचित उघडतो, पाणी आत घेतो, त्यातलं शेवाळ खातो आणि पाणी गाळून बाहेर सोडतो. दिवसभर हाच उद्योग. वर काठावर कोणी बोललं की पाणी थरथरतं आणि ते बोलणं माझ्यापर्यंत पोचतं. पारावर बसणाऱ्या मंडळींना ठाऊक नसतील तेवढ्या बातम्या मला असतात.

माझं बालपण ऐकाल तर नवल वाटेल. आम्ही शिंपले जन्मतो तेव्हा राईच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक असतो. आई आम्हाला पाण्यात सोडून देते आणि जवळून एखादा मासा गेला की आम्ही त्याच्या कल्ल्याला चिकटतो. मीही असंच एका माशाच्या कल्ल्यात बिऱ्हाड केलं. ना ओळख, ना पाळख. तो जाईल तिकडे मी. अंगात थोडं बळ आलं तसा सुटून गाळात पडलो आणि मग बरीच वर्षं तिथून हललो नाही. नदीत कोण येतं, कोण जातं, वरून काय वाहून येतं, याची चव घेत मी बसून राहिलो. फार सुखाचे दिवस होते ते.

एके सकाळी बजरंग भोई पाण्यात उतरला. तो शिंपले हातानं शोधत नाही, पायानं चाचपतो. त्याचा अंगठा माझ्या पाठीला लागला आणि पुढच्या क्षणी मी हवेत होतो. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. माझ्यासारखे आणखी बरेच जण ओल्या पोत्यात होते. पोतं एसटीत चढलं. त्यातून पाणी गळायला लागलं तसा कंडक्टर आला आणि यात काय आहे म्हणून विचारू लागला. एका बाईचा आवाज आला, की शिंपले आहेत, जिवंत आहेत, चावत नाहीत. सगळी बस हसली. मोती पिकवायला नेते म्हटल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, की आता हेच राहिलं होतं. ही सुकेशनी. पालमच्या जवळच्या एका गावात तिचं शेत आहे आणि शेतात तळं आहे.

तळं म्हणजे शेततळं. खाली काळा जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला, वर दोऱ्या ताणलेल्या, दोऱ्यांना रिकाम्या बाटल्या तरंगायला बांधलेल्या आणि प्रत्येक बाटलीखाली जाळीच्या पिशवीत शिंपले. हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मला कोणी तळ्यात सोडलंच नाही. शेताच्या दुसऱ्या टोकाला, बांधाजवळ, सिमेंटची एक टाकी होती. आम्हा सगळ्यांना तिच्यात ठेवलं. पलीकडे एवढं हिरवं, चवदार पाणी आहे हे वाऱ्यावरून कळत होतं, आणि आम्ही मात्र टाकीत. मला राग आला. गोदावरीच्या पाहुण्याला कोणी असं अंगणात बसवतं का?

पण रागापेक्षा माझी चौकशी मोठी. मी ऐकत राहिलो. रोज सुकेशनी आधी तळ्याचं काम आटोपायची आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे यायची. आमची बादली वेगळी, जाळी वेगळी. टाकीतलं जुनं पाणी ती तळ्याकडे जाऊ द्यायची नाही. बांधापलीकडच्या शोषखड्ड्यात सोडायची. मग हात धुवायची आणि बादली चुन्याच्या निवळीनं धुऊन उन्हात पालथी घालायची. कधीकधी सोबत मनिषा मॅडम असायच्या. त्या मासेपालनाचं शिकलेल्या, आणि परभणी जिल्ह्यातल्या मोती पिकवणाऱ्या तळेवाल्यांनी आपसात जो गट केला होता त्याला मार्गदर्शन करणाऱ्या. त्यांच्या बोलण्यातून मला उमगत गेलं, की शिंपल्यांनाही रोग होतात. रोग दिसत नाही, अंगात दडून येतो. शिंपला एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात गेला की त्याच्यासोबत तोही जातो. शिंपल्याला दवाखान्यात नेता येत नाही आणि तळ्यात एकदा शिरलेला रोग निवडून काढता येत नाही. म्हणून गटानं नेम केला होता. बाहेरचा कोणताही शिंपला आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत. एका तळ्याचा शिंपला, पाणी, ओली जाळी थेट दुसऱ्या तळ्यात न्यायची नाही. हा नेम करा म्हणून बैठकीत सगळ्यांत आधी हात वर करणारी सुकेशनीच होती.

आम्ही धडधाकट निघालो आणि तळ्यात गेलो. तरण्या शिंपल्यांच्या पोटात मोत्यासाठी मणी ठेवले गेले. मला मात्र हातात घेऊन मनिषा मॅडम म्हणाल्या, की हा फार जुना झाला, याच्याकडून मोती व्हायचा नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सुकेशनीनं मला फेकलं नाही. पाठीवर लाल नखपॉलिशचा ठिपका लावला आणि काठाजवळच्या जाळीत ठेवलं. रोज सकाळी ती मला बोट लावायची. मी फटकन तोंड मिटलं की म्हणायची, "म्हातारं ठणठणीत हाय." पाणी चांगलं आहे की नाही हे ती माझ्यावरून ओळखायची. मोती न देणाऱ्याला एवढा मान कोण देतं? मी तळ्यात मजेत होतो.

आणि मग सिद्धोधन आला.

सिद्धोधन हा सुकेशनीचा थोरला भाऊ. त्याचं शेत चारठाण्याच्या बाजूला. बहिणीचं पाहून त्यानंही तळ्यात मोती पिकवायला घेतले होते. पण तो घाईचा माणूस. कोणीतरी मणी घातलेले तयार शिंपले विकतोय असं कळलं आणि यानं ते जाळ्यांसकट आणून थेट तळ्यात सोडले. उन्हाळा लागला तसे त्याचे शिंपले पटापट तोंडं वासून मरायला लागले. जे थोडे जगले होते ते त्यानं थोड्या पाण्यासकट बादलीत घातले, वरून ओलं पोतं टाकलं आणि एसटी बदलत बदलत बहिणीकडे आला. बहिणीचं तळं चांगलं, तिथे हे तरी वाचतील, एवढीच त्याची आशा होती. सोबत त्यांची आई पंचफुला होती.

काठावर बादली टेकली. सुकेशनी अजून झाडाखालून येतच होती. पंचफुलेनं शिंपले हातात घेऊन पाहिले आणि बादलीतलं उरलेलं पाणी ओतायला ती तळ्याकडे वाकली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. कोरडवाहू मुलखात जन्म गेलेली ती बाई. हंडाभर पाण्यासाठी मैलभर चाललेल्या माणसाला पाणी मातीत ओतवत नाही. भरलेली बादली दिसली की ती झाडाच्या बुडाशी नाहीतर तळ्यात रिती करायची, हेच तिच्या हाताला ठाऊक. माझी जाळी त्या काठालाच होती. बादली कलंडली असती तर पहिला घोट मीच घेतला असता.

सुकेशनी धावत आली आणि तिनं आईचं मनगट धरलं. मग हळू आवाजात सांगितलं, की हे पाणी तळ्यात नको, शिंपलेही नकोत. आधी वेगळ्या टाकीत ठेवू.

मी तोंड उघडून वाट पाहत राहिलो. मग सिद्धोधनचा आवाज आला, आणि पाण्यातसुद्धा तो मला जड लागला.

"आपल्या मायला गावानं वेगळं पाणी दिलं, सुकेशनी. आन आता तू माझ्या शिंपल्याला वेगळं पाणी द्यायलीस?"

मित्रांनो, हे बोलणं मला तेव्हा कळलं नाही. पाणी म्हणजे पाणी. माणसांनी माणसांसाठी पाणी कसं वेगळं केलं असेल, हे शिंपल्याला कसं समजणार? गोदावरीनं तरी कधी कोणाला विचारलं नव्हतं. नंतर पंचफुलेच्या बोलण्यातून थोडं थोडं उमगलं. ती लहान असताना तिच्या वस्तीला गावच्या विहिरीवर चढू देत नसत. कोणी वरून ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी मिळायचं. त्या घरातल्या पोराला वेगळ्या टाकीचं नाव काढलं की काय वाटत असेल, ते मला आता कळतं.

सुकेशनीच्या हातात अजून आईचं मनगट होतं. नेम मोडला तर तिचं सगळं तळं पणाला लागणार होतं, आणि पाळला तर भाऊ. शेवटी बोलली ती पंचफुला.

"सुकेशनी, ह्यो नेम कुणाकुणाला हाय?"

"सगळ्याला, माय. गोदावरीतून आलेल्याला बी, गटातल्या कुणाच्या बी शिंपल्याला. माझा सोताचा शिंपला बाहेरच्यासंगं ह्या टाकीत गेला, तर त्यो बी रोग न्हाई ह्ये कळेस्तोवर पुन्हा तळ्यात येत न्हाई."

पंचफुलेनं बादली काठापासून मागे घेतली.

"आमच्या येळंला नेम एकल्या आमालाच हुता," ती म्हणाली. "सगळ्याला आसंल तर त्यो येगळा नेम. ठिव टाकीत."

शिंपले टाकीत गेले, बादलीतलं पाणी शोषखड्ड्यात गेलं. सिद्धोधन मात्र चहासुद्धा न घेता निघून गेला. बादली तिथेच राहिली आणि आईही लेकीकडे राहिली. त्या रात्रीच्या जेवणाची चव कोणाला लागली नसेल.

दुसऱ्या दिवशी मनिषा मॅडम आल्या. त्यांनी सिद्धोधनचे शिंपले उलटसुलट करून पाहिले. बोट लावलं की ते तोंड मिटत होते. वरून तर सगळे चांगले दिसत होते. सुकेशनीनं विचारलं, की मग सोडायचे का तळ्यात? तिलाही मनातून तेच हवं होतं. मॅडम म्हणाल्या, की दिसण्यावर जाऊ नका. तळ्यातला एक निरोगी शिंपला त्यांच्यासोबत टाकीत ठेवा. त्याला काही झालं नाही तर पुढचं बघू. त्याला काही झालं, तर रोग यांच्या अंगात आहे म्हणून समजा.

एक निरोगी शिंपला. ज्याच्या पोटात मोती नाही असा. ओळखू येईल असा.

तुमच्या लक्षात आलंच असेल. सुकेशनीनं मला जाळीतून काढलं, पण लगेच टाकीकडे नेलं नाही. ओल्या तळहातावर घेऊन ती काठावर बसून राहिली. ती मला काही म्हणाली नाही, आणि मला तर बोलताच येत नाही. ती रोज बोट लावायची तसं तिनं बोट लावलं. मी तोंड मिटलं. मग तिनं मला उचलून टाकीत, त्या परक्यांच्या मधोमध ठेवलं.

मला भीती वाटली, पण खरं सांगू? उत्सुकताही वाटली. रोग म्हणजे नेमकं काय असतं? त्याला चव असते का? तो पोहत येतो की तरंगत? मी तोंड उघडलं आणि पाणी घेतलं. चव नेहमीसारखीच होती. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. शेजारचे शिंपले चारठाण्याच्या बाजूची माती अंगावर घेऊन गुपचूप बसलेले. मी मनात म्हटलं, उगाच यांना बदनाम केलं.

मग शेजारचा एक शिंपला हळूहळू तोंड उघडं ठेवू लागला. बोट लावलं तरी मिटेना. पाण्याला बुळबुळीतपणा आला. एक गेला, मग दुसरा. सुकेशनी मेलेले काढून लांब खड्ड्यात चुना टाकून पुरायची आणि आमचं पाणी बदलायची. आणि एका सकाळी तिनं मला बोट लावलं, तेव्हा तोंड मिटावं असं मला वाटलं, पण मिटेना. अंगात जोरच नव्हता. मी मिटतोय, मिटतोय, आणि मधे भेग राहतेच आहे. तिचं बोट तसंच माझ्या कडेला टेकून राहिलं.

तिनं भावाला फोन लावला. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण सिद्धोधन आला. पंचफुलेनं त्याला सरळ टाकीजवळ नेलं. सुकेशनी म्हणाली, की हा लाल ठिपक्याचा आपल्या तळ्यातला, तुझ्यांसोबत ठेवला होता. तूच बोट लावून बघ.

सिद्धोधनचं बोट खरखरीत होतं. त्यानं एकदा लावलं. थांबला. पुन्हा लावलं. मी माझ्या परीनं खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही. तो तिथेच टाकीच्या कडेला बसला.

"माझं तर गेलंच हुतं," तो म्हणाला. "तुझं बी घेऊन बसलो आसतो."

बहीण चहा ठेवायला गेली, आणि या वेळी तो पिऊनच उठला. जाताना त्याची बादली त्याला परत दिली. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं पाठवत नाहीत. सुकेशनीनं ती चुन्याच्या निवळीनं धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवली होती, आणि तिच्यात भुईमुगाच्या वाळल्या शेंगा भरल्या होत्या. ओलं काही द्यायचं नाही, कोरडं चालतं, असं ती म्हणाली तेव्हा सिद्धोधन जरा हसला. त्यानं गावी जाऊन आपलं तळं रिकामं केलं, ते पाणी कोणत्याही ओढ्याला जाऊ न देता माळावर जिरवलं, चुना मारला आणि तळं उन्हात तडकेपर्यंत वाळू दिलं. आता त्याच्या शेतातही बांधाजवळ वेगळी टाकी आहे. सुकेशनीच्या तळ्यातल्या जाळ्यांमधून पुढे मोती निघाले, तेव्हा ते पाहायला तोही आला होता आणि तळ्यापाशी येण्याआधी चपला चुन्याच्या पाण्यात बुडवून आला, असं मी ऐकलं.

मी मेलो नाही. जुनं हाड चिवट असतं म्हणतात. मला हाड नाही, तरी मी चिवट निघालो. हळूहळू अंगात जोर आला. आता बोट लावलं तर मी तोंड मिटतो, पूर्वीसारखं फटकन नाही, पण मिटतो. सिद्धोधनच्या शिंपल्यांपैकीही दोघेतिघे वाचले. पण आम्ही टाकीतच आहोत. मी बरा झालो तरी रोग माझ्या अंगात कुठे दडून बसला नसेल, हे मनिषा मॅडमना सांगता येत नाही आणि मलाही सांगता येत नाही. नेम सगळ्यांना सारखा.

मध्यंतरी पालमच्या शाळेची सहल आली होती. त्यात सृष्टी नावाची एक मुलगी होती. बाकीचे सगळे तळ्याकडे पळाले, ती मात्र माझ्यापाशी थांबली. याला असं बाजूला का टाकलंय, म्हणून तिला वाईट वाटलं. तिनं मला उचललं आणि तळ्याच्या दिशेनं निघाली. माझ्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. मला ओरडता येत असतं तर ओरडलो असतो. शेंगा फोडत बसलेली पंचफुला उठली आणि तिनं पोरीचा हात हळूच धरला. "त्येला तितंच राहू दे, बाई," ती म्हणाली. त्यानं काय चूक केली, असं सृष्टीनं विचारलं.

"काई न्हाई. म्हणून तर रोज त्येला ताजं पाणी देतो आमी. दूर ठिवलं म्हणून टाकून देत न्हाई."

मित्रांनो, तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर मला जरूर हातात घ्या. रेघा मोजा, बोट लावून पाहा, माझी गंमत वाटू द्या. मग पुन्हा टाकीतच ठेवा आणि हात धुऊन पुढे जा. कुठल्याही नदीतला, तळ्यातला शिंपला, मासा, शंख किंवा पाणवनस्पती आवडली म्हणून दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडू नका. तुमच्यापैकी एखाद्याला वाटेल, की या म्हाताऱ्याला निदान शेवटी तरी त्याच्या गोदावरीत नेऊन सोडावं. मलाही रोज तसंच वाटतं. तरी सोडू नका.